बाबांची पाऊणपट आणि माझा सर्व्हर

वादळात घरचा लॅपटॉप गेला, म्हणून भरती-ओहोटीचं ॲप उचललं आणि थेट क्लाउडवर नेलं. डॉकर, कंटेनर, सगळं एकदम झकास! आणि मग संकष्टी आली...

‘‘ताई, किल्ल्यात चालत कधी जाता येईल?’’

आमच्या नागावच्या घरी हा प्रश्न ज्या दिवशी विचारला गेला नाही, असा सीझनमधला एक दिवस दाखवा. सुपारीच्या वाडीत आईने चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. शुक्रवारी रात्री ठाण्या-पुण्याची मंडळी येतात, शनिवारी सकाळी आंबोळ्या हाणतात आणि मग अलिबागच्या कुलाबा किल्ल्याची चौकशी सुरू करतात. किल्ला समुद्रात. ओहोटीला वाळूवरून चालत जायचं, थोडं पाणी असेल तर घोडागाडी, भरती असेल तर होडी. वेळ चुकली की बसा तटावर, पाणी उतरेपर्यंत!

आई हा प्रश्न बाबांकडे पाठवायची. बाबा कॅलेंडरवर तिथी बघायचे, मनातल्या मनात काहीतरी करायचे आणि वेळ सांगायचे. त्यांचा हिशेब आपल्या किनाऱ्यावर नाखवा मंडळींपासून सगळ्यांना पाठ आहे : तिथीला पाऊणने गुणा, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चार पाऊण तीन. तीन वाजता भरती. अष्टमी म्हणजे आठ पाऊण सहा. त्याच्या साधारण सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी. संपलं!

मी लोअर परळच्या एका ऑफिसात डेटा ॲनालिस्ट. दिवसभर दुसऱ्यांच्या विक्रीचे आलेख काढायचे. २०१९च्या दिवाळीत घरी आले आणि म्हटलं, बाबांची ही पाऊणपट आपण ‘सायंटिफिक’ करून टाकू. भरतीचं गणित तसं सरळ आहे. चंद्रामुळे येणारी मुख्य लाट १२ तास २५ मिनिटांची, सूर्यामुळे येणारी बरोबर १२ तासांची. दोघी एका सुरात आल्या की उधाण, एकमेकींच्या विरुद्ध गेल्या की भांग. अशा बऱ्याच लहान-मोठ्या लाटांची बेरीज केली की कुठल्याही दिवसाचं पाणी सांगता येतं. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतं, ती याच बेरजेतून. मी ‘आर’मध्ये प्रोग्रॅम लिहिला, ‘शायनी’ वापरून त्याचं छोटं वेब ॲप केलं. तारीख टाका, निळी नागमोडी रेघ येईल आणि खाली हिरव्या पट्टीत ‘चालत जाण्याची वेळ’.

या सगळ्याला खरी धार आणली बाबांच्या वहीने. किल्ल्याकडे जाणारी वाट नेमकी कधी उघडी पडते, याच्या नोंदी ते वर्षानुवर्षं लिहीत आले आहेत. त्या मी एका आठवड्यात टाइप केल्या आणि ॲपला जोडल्या. ॲप चालत होतं माझ्या कॉलेजच्या जुन्या लॅपटॉपवर. जागा : माळा. शेजारी : गेल्या वर्षीचे नारळ.

निसर्ग

३ जून २०२०. लॉकडाऊनमुळे मी घरीच होते. दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा कसा असतो, हे मी शब्दांत सांगू शकत नाही. आवाज सांगू शकते. सुपारीचं झाड मोडतं तेव्हा काडेपेटीतली काडी मोडल्यासारखा आवाज येतो. त्या दुपारी तो आवाज आम्ही मोजणं सोडून दिलं.

पौर्णिमा दोन दिवसांवर होती. म्हणजे उधाणाचं पाणी चढत होतं. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या. संध्याकाळी कोळीवाड्यातल्या एका नाखवांचा फोन बाबांना लागला, तोही कसाबसा. ‘‘पोरीचं ते मशीन काय सांगतंय? रात्री पानी किती चढंल?’’

पोरीचं मशीन माळ्यावर होतं. माळ्यावरची कौलं शेजारच्या वाडीत होती!

बाबांनी कंदिलाच्या उजेडात कॅलेंडर बघितलं आणि वेळ सांगितली. आमच्या आळीत बारा दिवस वीज आली नाही. लॅपटॉप पुन्हा सुरूच झाला नाही. बॅकअप? हो ना, घेणारच होते मी... पुढच्या रविवारी! वही मात्र वाचली. आईने ती लग्नातल्या शालूबरोबर पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली होती. डेटा ॲनालिस्ट पोरगी हरली, ट्रंक जिंकली.

नाखवांचा तो फोन मात्र डोक्यातून जाईना. ज्या दिवशी त्या ॲपची खरी गरज होती, नेमक्या त्याच दिवशी ते बंद. मग उपयोग काय त्याचा? ठरवलं, आता हे घरात ठेवायचं नाही. क्लाउडवर न्यायचं.

आई म्हणाली, ‘‘ढगात ठेवणार? ढगानेच तर घालवलं सगळं!’’

डबा महत्त्वाचा

क्लाउड म्हणजे ढग-बिग काही नाही, दुसऱ्याच्या इमारतीतला भाड्याचा कॉम्प्युटर. मुंबई आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात अशी डेटा सेंटर्स भरपूर आहेत. ॲमेझॉनने मुंबईत आपलं क्लाउड केंद्र २०१६मध्ये सुरू केलं, गूगलने २०१७मध्ये. तिथे जनरेटर असतात, दोन-तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेलं इंटरनेट असतं, आणि मुख्य म्हणजे कौलं नसतात.

प्रश्न दुसराच होता. माझं ॲप माझ्या लॅपटॉपवर चालायचं. ‘आर’चं एक विशिष्ट व्हर्जन, त्यावर पंधरा पॅकेजेस, त्यांच्याखाली लिनक्सच्या कसल्या कसल्या लायब्ररी. हे सगळं नव्या मशिनवर परत बसवायचं म्हणजे नव्या घरात जुन्या भिंती नेण्यासारखं.

उत्तर आमच्या रायगडच्याच किनाऱ्यावर उभं आहे. गेट वेवरून मांडव्याची बोट पकडा आणि डाव्या हाताला बसा. घारापुरी मागे पडताना दूरवर उंच क्रेन दिसतात. ते न्हावा-शेवा. १९८९मध्ये सुरू झालेलं, उरण तालुक्यातलं, देशातल्या सर्वात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक. तिथली क्रेन डबा उचलते तेव्हा आत बासमती आहे की बनियन, हे तिला ठाऊक नसतं. गरजही नसते. डब्याचं माप ठरलेलं, कोपऱ्यांवरच्या पकडी ठरलेल्या. तोच डबा जहाजावर, तोच रेल्वेवर, तोच ट्रकवर. ही आयडिया गाजवली माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकवाल्याने. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ डबे घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. त्याआधी गोदीत प्रत्येक पोतं, प्रत्येक खोका हाताने चढायचा, हाताने उतरायचा.

सॉफ्टवेअरमध्ये हेच काम २०१३मध्ये ‘डॉकर’ने केलं. त्याच्या लोगोतला देवमासासुद्धा पाठीवर कंटेनर घेऊन फिरतो! ॲप, त्याचं ‘आर’, त्याची पॅकेजेस, सगळं एका डब्यात सील करायचं. मग डबा लॅपटॉपवर ठेवा नाहीतर सर्व्हरवर, आतलं जग तेच राहतं. डब्यात काय काय भरायचं, याची यादी एका साध्या फाइलमध्ये लिहायची, तिचं नाव ‘डॉकरफाइल’. यादीवरून बनतो तो साचा, म्हणजे ‘इमेज’. साच्यातून काढलेला चालता डबा म्हणजे ‘कंटेनर’. डबा बिघडला तर फेकून द्या, साच्यातून दुसरा काढा. आईच्या मोदकांसारखं.

एका शनिवारचं काम (म्हणे!)

गणपतीनंतर मी एका क्लाउड कंपनीचा छोटा सर्व्हर घेतला. २ जीबी मेमरी, त्यावर उबुंटू, महिन्याला आठशे रुपयांच्या आसपास. म्हणजे मित्रमैत्रिणींबरोबरचं एक पिझ्झाबिल. वाटलं, शनिवारी बसून उरकू. लागले तीन शनिवार.

पहिल्या शनिवारी दारं-खिडक्या. इंटरनेटवर नवा सर्व्हर उभा राहिला की काही मिनिटांतच जगभरचे अनोळखी प्रोग्रॅम त्याचा दरवाजा ठोठवायला लागतात. पासवर्ड अंदाजाने टाकून बघतात. माझ्या लॉगमध्ये पहिल्याच रात्री शेकडो प्रयत्न होते. म्हणून पासवर्डने लॉगिन बंद, फक्त एसएसएच की. ‘रूट’ने थेट आत येणंही बंद. फायरवॉलमध्ये तीनच दारं उघडी : एक मला आत यायला, दोन वेबसाठी.

दुसऱ्या शनिवारी डॉकर. इथे एक मस्त आपटी खाल्ली. ॲपचं ३८३८ नंबरचं दार मी फायरवॉलमध्ये उघडलंच नव्हतं, तरी मोबाइलवरून ते धाडकन उघडलं! कारण डॉकर स्वतःचे नियम थेट लिनक्सच्या पोटात लिहितं, वरच्या फायरवॉलला विचारत बसत नाही. म्हणजे पुढच्या दाराला सात कुलपं आणि मोरीचं दार सताड उघडं. उपाय सोपा आहे, पण माहीत हवा : कंटेनरचं दार फक्त १२७.०.०.१ या आतल्या पत्त्यावर उघडायचं. मग बाहेरच्यांना ते दिसतच नाही. पुढच्या दारावर ‘कॅडी’ नावाचा द्वारपाल बसवला. तो येणाऱ्याला विचारून आतल्या बरोबर डब्याकडे पाठवतो, आणि ‘लेट्स एन्क्रिप्ट’चं फुकट सर्टिफिकेटही स्वतःच आणतो आणि मुदत संपायच्या आत नवं करतो. ब्राउझरमधलं ते कुलपाचं चित्र म्हणजे हेच.

तिसऱ्या शनिवारी डेटा. डबा फेकण्याजोगा, हे ऐकायला छान वाटतं. पण बाबांच्या नोंदी डब्यात ठेवल्या, तर डब्याबरोबर त्याही जाणार! त्यांची जागा बाहेर, ‘व्हॉल्यूम’मध्ये. कंटेनर फक्त तिथे जाऊन वाचतो. आणि रोज रात्री त्या नोंदींची प्रत तिसऱ्याच ठिकाणी. (हो, शिकले मी.) वही पुन्हा टाइप केली होती. या वेळी बाबा शेजारी बसून आकडे वाचत होते आणि माझ्या चुका काढत होते.

शेवटी एक ओळ टाकली : सर्व्हर बंद पडून परत उठला, तर कंटेनरने आपणहून उठायचं. सर्व्हर मुद्दाम रिस्टार्ट केला. एक मिनिटात निळी रेघ हजर! मी खुर्चीवर उभी राहून नाचले. नाखवांना लिंक पाठवली. आईने ती पाहुण्यांच्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये कायमची चिकटवली.

चार पाऊण किती?

२०२१च्या सुरुवातीची एक संकष्टी. घरी सहा पाहुणे, त्यात दोन लहान मुलं आणि एक आजी. किल्ल्यात आंग्र्यांच्या काळातलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, तेव्हा संकष्टीला तिथेच जायचं, असं आजींनी ठाण्याहूनच ठरवून आणलेलं. पाहुण्यांनी ॲप उघडलं. हिरवी पट्टी, ऐटीत : पूर्ण ओहोटी दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी. ‘‘जेवून आरामात निघू,’’ म्हणाले.

बाबा उपास धरून झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी नुसतं विचारलं, ‘‘किती वाजता म्हणालात?’’

‘‘तीन-चाळीस. तुमच्या मुलीचंच ॲप आहे काका!’’

बाबांनी मला हाक मारली. ‘‘आज तिथी काय?’’

‘‘संकष्टी. म्हणजे चतुर्थी.’’

‘‘चार पाऊण किती?’’

तीन. तीन वाजता भरती. आणि माझं ॲप पावणेचारला ओहोटी सांगत होतं! चूक दहा-वीस मिनिटांची नव्हती. उलटंच सांगत होतं ते. ऐन भरतीच्या वेळी, आजींसकट सहा जणांना, वाळूत उतरा म्हणत होतं.

माझ्या पोटात गोळा आला. लॅपटॉप उघडला. गणित बरोबर. नोंदी बरोबर. आलेखाचा आकार बरोबर. मग कंटेनरच्या आत शिरून घड्याळ विचारलं, आणि ट्यूब पेटली. आत सकाळचे सव्वाचार वाजले होते. बाहेर पावणेदहा.

साडेपाच तास! माझा जुना लॅपटॉप भारतीय वेळेवर होता, म्हणून मी प्रोग्रॅममध्ये टाइम झोन कुठे लिहिलाच नव्हता. पण बहुतेक कंटेनर इमेज यूटीसीवर असतात, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेवर. डब्यातलं जग जसंच्या तसं येतं म्हणाले ना मी? तसंच आलं होतं, त्याच्या घड्याळासकट! तीनची भरती ॲप साडेनऊला दाखवत होतं. भरती आणि ओहोटीत अंतर साधारण सहा तासांचं. म्हणजे साडेपाच तासांची चूक भरतीला जवळजवळ ओहोटीच करून टाकते. याहून वाईट आकडा शोधून सापडला नसता.

पाहुणे होडीने गेले आणि होडीनेच परत आले. आजींचं दर्शन झालं. त्यांना काही कळलंही नाही. मी मात्र त्या दुपारी समुद्रावर जाऊन उभी राहिले. तीन वाजता किल्ल्याच्या वाटेवर पाणीच पाणी होतं. नाखवांना फोन केला, चूक सांगितली. ते हसले. ‘‘अगो, ते आमी बगितलं दोन दिसांनीच. तवापासून बगतंच नाय.’’

हे जास्त लागलं. लोकांनी तक्रार केली नव्हती, गुपचूप विश्वास काढून घेतला होता.

मूससाहेबांचा धडा

अलिबागच्या समुद्राला लागूनच चुंबकीय वेधशाळा आहे. शाळेत असताना सहलीला नेलेलं, तेव्हा लक्ष डब्यातल्या पुऱ्यांकडे होतं. त्या संकष्टीनंतर तिचा इतिहास मी नीट वाचला, आणि अक्षरशः कान धरले.

पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी मुंबईत कुलाब्याला १८४१पासून घेतल्या जात होत्या. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेचा प्रवाह म्हणजे चुंबकीय गोंधळ, सगळ्या नोंदी खराब होणार. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे शांत जागा शोधली : अलिबाग. चुंबकाला न खेचणारा दगड निवडून इमारत बांधली आणि १९०४मध्ये काम सुरू केलं. गंमत बघा, आपला जिल्हासुद्धा १९८१पर्यंत कुलाबाच म्हणवला जायचा. म्हणजे कुलाब्याचं काम कुलाब्यातच आलं!

आज ज्याला आपण ‘मायग्रेशन’ म्हणतो, ते हेच की. पण मूस यांनी कुलाब्याची उपकरणं लगेच बंद केली नाहीत. १९०४ ते १९०६, जवळपास दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन्ही ताडून पाहिल्या, फरक समजून घेतला आणि मगच कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी थांबवल्या. म्हणून शतकापूर्वीचा आकडा आणि आजचा आकडा आज एका धाग्यात ओवता येतो. ट्राम मुंबईत धावली १९०७मध्ये, तोवर काम चोख झालं होतं.

आणि मी? सर्व्हर रिस्टार्ट होऊन उठला, एवढं बघून खुर्चीवर नाचले. ‘चालतंय’ आणि ‘बरोबर चालतंय’ यातला फरक दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. माझ्याकडे दुसरा आकडा होता की! घरात, झोपाळ्यावर बसलेला.

आता

दुरुस्ती एका ओळीची होती : आशिया/कोलकाता. पण मी तिथे थांबले नाही. आता ॲप रोज पहाटे दोन हिशेब करतं. एक लाटांच्या बेरजेचा, दुसरा बाबांच्या पाऊणपटीचा. पाऊणपट ढोबळ आहे, मान्य. तिथीमागे भरती सरासरी ४८ मिनिटांनी पुढे सरकते, पाऊण तास म्हणजे ४५. पण तिला कुठलं घड्याळ लागत नाही, टाइम झोन लागत नाही, फक्त चंद्र लागतो. दोन उत्तरांत दीड तासाहून जास्त फरक पडला, तर हिरवी पट्टी गायब आणि लाल अक्षरात एवढंच : ‘आज किनाऱ्यावर विचारा.’ ॲपने गप्प बसणं हे चुकीचं बोलण्यापेक्षा बरं, हे मला पटलंय.

मे २०२१मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याजवळून गेलं. आमच्याकडे पुन्हा अंधार. सर्व्हर चालू राहिला. पण मोबाइलचे टॉवरच झोपले, तर गावात ते बघणार कोण? म्हणून दर महिन्याच्या शेवटी ॲप एका पानाचा तक्ता काढतं. मी तो ऑफिसात प्रिंट करते (बॉस, सॉरी!), आई फ्रिजवर लावते आणि एक प्रत कोळीवाड्यात जाते.

मागच्या महिन्यात नाखवांचा फोन आला. ‘‘पोरी, या महिन्याचा कागद नाय आला?’’

विश्वास परत आला होता. कागदावर बसून, पण आला होता.

तुम्हालाही करून बघायचंय?

* सर्व्हर छोटाच घ्या. वाढवणं सोपं असतं. खर्चाची मर्यादा ओलांडली की ईमेल यावा, हे पहिल्याच दिवशी सेट करा.
* पासवर्ड नको, एसएसएच की. अपडेट आपोआप होऊ द्या.
* कंटेनरचं दार १२७.०.०.१वर, पुढे कॅडी किंवा एनजिन्क्स. ‘शायनी’ असेल तर वेबसॉकेट चालतंय ना, तेही बघा.
* डबा फेकण्याजोगा, डेटा नाही. डेटा बाहेर, बॅकअप तिसरीकडे. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप उघडून बघा!
* डॉकरच्या लॉगला साइजची मर्यादा घाला. नाहीतर एक दिवस डिस्क भरते आणि ॲप मुकाट झोपतं.
* टाइम झोन लिहा. लिहा. लिहा.
* जुनं बंद करण्याआधी नवं-जुनं शेजारी चालवा. मूस यांनी दोन वर्षं चालवलं, तुम्ही निदान दोन आठवडे तरी!
* आणि आकडा खरा की खोटा हे ज्याला तोंडपाठ सांगता येतं, असं एक माणूस शोधून ठेवा. बहुधा ते घरातच असतं.